दिवसाला एक द्राख्मा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘ग्रीक कला आणि वास्तू: एका संस्कृतीची ओळख’. पार्थेनॉनवर, म्हणजे अथेन्समधल्या अथेना देवीच्या मंदिरावर, मी येणार आहे, काळजी नसावी. पण त्याआधी तुम्हाला अथेन्सच्याच दुसऱ्या एका मंदिराच्या शिल्पकामाचं जुनं बिल वाचून दाखवतो. द्राख्मा म्हणजे तिथलं नाणं.

‘केफिसियाचा फायरोमाखोस, चिलखताशेजारचा तरुण, ६० द्राख्मा. मेलिटेत राहणारा प्राक्सियास, घोडा आणि त्याला मारणारा पाठमोरा माणूस, १२०. केरामेइसचा अँटिफेनिस, रथ, तरुण आणि जुंपले जात असलेले दोन घोडे, २४०. आग्रिलेत राहणारा मिन्नियॉन, घोडा, त्याला मारणारा माणूस, आणि मागाहून जोडलेला खांब, १२७.’

आकडे नीट ऐकलेत? एका आकृतीला साठ. घोडा एक, माणूस एक, झाले एकशेवीस. मग मिन्नियॉनला सात जास्त कशाचे? तर मागाहून जोडलेल्या खांबाचे. आम्हा बांधकामवाल्यांच्या भाषेत एक्स्ट्रा आयटम! सभागृहात कुणी कंत्राटदार असतील तर त्यांचा चेहरा मला इथून दिसतोय. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून घरात फेऱ्या मारल्या होत्या. चोवीसशे वर्षांपूर्वीचं मोजमाप पुस्तक, आणि तेही संगमरवरावर कोरून अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर उभं केलेलं. ज्याला वाचता येतं त्याने यावं आणि वाचावं.

हे हिशेब एरेक्थिऑन नावाच्या मंदिराचे. ज्याच्या एका ओसरीचं छत सहा दगडी मुलींनी डोक्यावर तोललंय, तेच मंदिर. युद्धाच्या धामधुमीत काम रखडलं होतं. इ.स.पू. ४०९ साली नागरिकांच्या सभेने ठराव करून एक समिती नेमली आणि सांगितलं, काय झालंय आणि काय राहिलंय ते दगडागणिक लिहा. समितीने लिहिलं. अमुक लांबीचे इतके दगड बसवायचे राहिलेत, इतक्यांना घोटाई नाही, खांबांच्या खाचा काढायच्या बाकी. अर्धवट कामाची अशी पाहणी मी स्वतः कितीदा केली आहे. त्या अहवालाचा दगड आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि त्याच म्युझियममध्ये त्या सहा मुलींपैकी एकही आहे, लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश उमरावाच्या माणसांनी काढून नेलेली. बाकीच्या पाचजणी अथेन्समध्ये आहेत. अहवालात त्यांचा उल्लेख ‘कोराई’ एवढाच येतो. म्हणजे मुली. कॅरिअॅटिड वगैरे भारदस्त नाव त्यांना पुढे चिकटलं.

आता मला जे सांगायचंय ते इथून सुरू होतं. त्यासाठी थोडं घरचं सांगावं लागेल.

मी नोकरीत नवा होतो. एका तालुक्याच्या गावी काळ्या दगडाची सरकारी इमारत उभी राहत होती. दर्शनी कमानीखाली दोन घोडे घडवायचे होते, दगडी घोडे म्हणजे छज्जाला आधार देणारे. साठीचा एक पाथरवट आणि त्याचा पुतण्या कामावर होते. त्या माणसाने आमच्या नकाशात नसलेली एक वेल त्या घोड्यावर काढली. वरून खाली येताना तिचं एक पान किंचित दुमडलेलं. बेसॉल्टमध्ये दुमडलेलं पान! टाकीचा एक घाव चुकला की दगड बाद. काम संपल्यावर तो मला म्हणाला, ‘साहेब, कोपऱ्यात नाव टाकू का बारीकसं?’ मी वर विचारलं. वरून उत्तर आलं, तशी पद्धत नाही. उद्घाटनाच्या कोनशिलेवर अकरा नावं होती, मी मोजली. मोजमाप पुस्तकात मी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘घडीव दगडकाम’, आणि पुढे घनमीटर. त्या वेलीला घनमीटर नव्हता. त्याचं नाव आज मला आठवत नाही, मंडळी. ते मी लिहून ठेवायला हवं होतं. अजून लागतं ते मनाला.

म्हणून फायरोमाखोसचं नाव वाचलं की मी थांबतो. पुढे पाहा. त्या हिशेबात वास्तुविशारदाचा मेहनताना आहे, दिवसाला एक द्राख्मा. खांबाच्या खाचा काढणाऱ्यांची रोजीही त्याच आसपास पडते. हाताखालच्या कारकुनाला पाच ओबोल, म्हणजे द्राख्म्याला एक ओबोल कमी. हिशेबाची नक्कल करायला घेतलेल्या दोन कागदांची किंमतसुद्धा लिहिली आहे, पपायरस अर्थातच.

आणि नावं लिहायची रीत बघा, खरी गंमत तिथे आहे. ‘केफिसियाचा फायरोमाखोस’, पण ‘मेलिटेत राहणारा प्राक्सियास’. आपल्याकडे एक सातारकर असतो आणि एक नुसता साताऱ्यात राहणारा. फरक तुम्हाला लगेच कळतो. पहिला अथेन्सचा नागरिक, सभेत हात वर करणारा. दुसरा मेटिक, बाहेरून येऊन स्थायिक झालेला, कर भरणारा, पण मताचा अधिकार नसलेला. तिसरी रीत खांबांच्या हिशेबात सापडते. तिथे सिमियास नावाचा मेटिक स्वतः छिन्नी धरून उभा आहे आणि त्याच्या बरोबरीने ‘सिमियासचा’ अमका, ‘सिमियासचा’ तमका. हे गुलाम. तिघांची ओळख एका विभक्तीने ठरते, मजुरी मात्र सारख्या कामाला सारखी. गुलामाचे पैसे बहुधा मालकाच्या कनवटीला जात, हे विसरून चालणार नाही. ज्यांचा दर्जा कळतो असे शहाऐंशी कामगार या हिशेबांत आहेत. त्यात नागरिक २४, मेटिक ४२ आणि गुलाम २०.

ज्या खांबांपुढे लोक फोटो काढतात त्यांची एकेक खाच या लोकांनी काढली आहे. आणि हेही सांगतो, खाचा खांब उभा केल्यानंतर काढायच्या. आधी काढल्या तर दगड चढवताना कडा उडतात. एका खांबाला चोवीस खाचा, चार ते सात माणसांची टोळी त्याच्याभोवती बसलेली, शेजारच्याच्या खाचेची धार आपल्या खाचेशी जुळायला हवी. नागरिकाची धार आणि गुलामाची धार एकच! ती वेगळी काढता येत नाही.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली म्हणतात. बरं, पार्थेनॉन.

इ.स.पू. ४४७ ला सुरुवात, ४३२ ला शिल्पांसकट पूर्ण. पंधरा वर्षं. दगड पेंटेलिकॉन डोंगरातून आणलेला. पुढे आठ खांब, बाजूला सतरा. जोतं सपाट दिसतं पण सपाट नाही, मध्ये फुगवलेलं आहे, लांब बाजूला जवळजवळ अकरा सेंटिमीटर. खांब किंचित आत कललेले, कोपऱ्यातले जरा जाड. हे का केलं यावर ग्रंथ भरलेत. मला एवढंच दिसतं की अशा इमारतीत प्रत्येक दगड वेगळा कापावा लागतो. एकसारखा साचा चालत नाही. म्हणजे हातांवर केवढा भरवसा! तो भरवसा असणारा समाज आपल्या कारागिराचं नाव दगडावर घालतो, हा योगायोग मला वाटत नाही.

पण पैसा कुठला? मित्रनगरांनी इराणविरुद्ध जमवलेला खजिना इ.स.पू. ४५४ मध्ये डेलॉस बेटावरून अथेन्सला आणला गेला. लॉरिऑनच्या चांदीच्या खाणीत गुलाम खपत होते आणि त्यांची नावं कुणी संगमरवरावर कोरली नाहीत. पार्थेनॉनमधल्या अथेनाच्या मूर्तीवर चाळीस टॅलंट (टॅलंट हे तिथलं वजनाचं माप) सोनं होतं, आणि त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडिस सांगतो की ते सुटं करता येत होतं, म्हणजे अडीअडचणीला काढता यावं म्हणून. देवीसुद्धा हिशेबात धरलेली. हे सगळं एकत्र पाहिल्याशिवाय ‘लोकशाहीचं मंदिर’ असं पार्थेनॉनला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हिशेब उघडा होता, हे खरं. हिशेबात कोण यायचं हे आधीच ठरलेलं होतं, हेही खरं.

रंगांवर बोलायचं राहिलं. एरेक्थिऑनच्या हिशेबात सोन्याच्या वर्खाची खरेदी आहे, मेण घालून रंग देणाऱ्याची फुटावर ठरलेली मजुरी आहे. पांढरा शुभ्र ग्रीस ही समजूत तिथेच मोडते.

शेवटची स्लाइड लावा. हा एरेक्थिऑनच्या शिल्पपट्टीचा दगड, एल्युसिस गावचा, काळपट. पांढऱ्या आकृत्या वेगळ्या घडवून लोखंडी खिळ्यांनी यावर जडवल्या होत्या. आकृत्या बहुतेक पडल्या, भोकं दिसताहेत ना? बिलात आणखी एक नोंद आहे, कोलिटॉसच्या इयासोसची: एक स्त्री आणि तिला बिलगलेली मुलगी, ८० द्राख्मा. मोठ्या माणसाचे साठ, मुलीचे वीस. आतला हिशेब कुणी केला असेल, घासाघीस किती झाली असेल, याचा मी रात्री पडल्या पडल्या विचार करतो. बिलाची मोठी छायाप्रत टेबलावर ठेवली आहे. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, त्यामुळे जरा वेळ लागेल, पण इयासोसच्या नावाखाली मी पेन्सिलने रेघ मारून ठेवली आहे.