जपानचे दीर्घायुष्य : मीठ, ताट आणि सकाळचा रेडिओ

श्रोतेहो, नमस्कार.

जपानमध्ये वयाची शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या नागरिकाला सरकारतर्फे एक छोटा चांदीचा प्याला भेट दिला जातो. ही प्रथा १९६३ साली सुरू झाली, तेव्हा शंभरी गाठलेली माणसे देशभरात अवघी १५३ होती. २०२४ साली ही संख्या ९५ हजारांच्या पुढे गेली. मानकऱ्यांची गर्दी इतकी वाढत गेली, की २०१६ पासून शुद्ध चांदीऐवजी मुलामा दिलेल्या प्याल्यावर भागवण्याची वेळ सरकारवर आली आहे.

जपानी माणूस मुळातच काटक, असे म्हणून आपण हा विषय सोडून देतो. पण १९४७ साली तिथल्या पुरुषांचे सरासरी आयुर्मान जेमतेम ५० वर्षे आणि स्त्रियांचे ५४ वर्षे होते. आज ते अनुक्रमे ८१ आणि ८७ वर्षे आहे. दोन-तीन पिढ्यांत माणसाचा वंश बदलत नाही. बदलल्या त्या सवयी, आणि त्यासुद्धा आपोआप बदललेल्या नाहीत.

नागानो या डोंगराळ प्रांताचे उदाहरण घ्या. समुद्र दूर आणि हिवाळा कडक, त्यामुळे भाज्या मिठात मुरवून ठेवायच्या आणि दिवसातून दोन-तीन वेळा मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे खारट सूप प्यायचे, ही तिथली पूर्वापार रीत होती. परिणामी रक्तदाब वाढून मेंदूतील रक्तस्रावाने माणसे दगावत. १९५१ ते १९८० या काळात पक्षाघात हेच साऱ्या जपानमधील मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते आणि नागानोची अवस्था त्यात विशेष वाईट होती. १९४५ साली साकू येथील रुग्णालयात रुजू झालेले डॉ. तोशिकाझू वाकात्सुकी परिचारिकांना घेऊन खेडोपाडी जात, रुग्ण तपासत आणि नंतर गावकऱ्यांसमोर आरोग्यावरची नाटके करत. व्याख्यानाला कंटाळणारा शेतकरी नाटकाला मात्र आवर्जून बसतो, हे त्यांनी अचूक ओळखले होते. त्यांच्या या कार्याला १९७६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे मीठ कमी करण्याची जी मोहीम प्रांतात चालली, तिचा भार गावातल्या सामान्य गृहिणींनी उचलला. या स्वयंसेविका घरोघरी जाऊन चुलीवरच्या सुपात मीठ मोजण्याचे छोटे उपकरण बुडवत आणि घरच्या बाईला तिथेच आकडा दाखवत. सूप दिवसातून एकदाच घ्या, त्यात भाज्या भरपूर घाला, शेवयांचा रस्सा वाडग्यात तसाच राहू द्या, असा अगदी साधा सल्ला त्या देत. कोणाच्या स्वयंपाकघरात शिरून तिच्या हातच्या चवीला बोल लावणे किती अवघड असते, हे श्रोत्या भगिनींना सांगायला नको. परंतु २०१० साली स्त्री आणि पुरुष, दोघांच्याही आयुर्मानात नागानो देशात पहिला आला. असे असले तरी सरासरी जपानी माणूस आजही दिवसाला सुमारे १० ग्रॅम मीठ खातो, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या मर्यादेच्या दुप्पट. तेव्हा जपानी म्हणून प्रत्येक पदार्थ आरोग्यदायी ठरत नाही.

मग त्या ताटात चांगले काय आहे? वाडगाभर भात, सूप, माशाचा एखादा तुकडा, टोफू, समुद्री शेवाळ आणि भाज्यांचे दोन-तीन प्रकार. प्रत्येक पदार्थ छोट्या, वेगळ्या भांड्यात. तेल कमी, आणि सोबतचा हिरवा चहा बिनसाखरेचा व बिनदुधाचा, जो आपल्याकडे पाहुण्याला दिला तर रुसवाच व्हायचा. ही सवय शाळेतच लागते. १९५४ च्या कायद्याने शालेय भोजनाची पक्की व्यवस्था झाली आणि २००५ पासून शाळांमध्ये पोषण शिकवणारे खास शिक्षक नेमले जाऊ लागले. पांढरे अंगरखे आणि टोप्या घातलेली मुले आपल्या वर्गाला स्वतः वाढतात आणि सर्वांना एकच जेवण मिळते.

व्यायामाच्या बाबतीत तर आपण ज्या माध्यमातून भेटतो आहोत, त्याचाच आधार जपानने घेतला. १ नोव्हेंबर १९२८ रोजी तिथे रेडिओवरून कवायत सुरू झाली. कल्पना अमेरिकेतल्या एका विमा कंपनीची आणि पुढाकार जपानच्या टपाल विमा खात्याचा; विमेदार जितका जास्त जगेल तितके खात्याच्या फायद्याचेच! युद्धानंतर खंडित झालेली ही कवायत १९५१ मध्ये नव्या रूपात परतली. आजही रोज सकाळी साडेसहाला पियानोच्या तालावर ती प्रसारित होते. पहिल्या संचात तेरा हालचाली असून त्यांना तीन मिनिटे पुरतात. उन्हाळी सुट्टीत मुले गळ्यात कार्ड अडकवून मैदानावर येतात आणि हजेरीचा शिक्का घेऊन जातात. कवायत हलकीच आहे; तिचे मोल माझ्या मते यात आहे, की एकट्या राहणाऱ्या वृद्धांना ती रोज ठरलेल्या वेळी घराबाहेर काढते आणि चार माणसांत आणते. उरलेला व्यायाम घर ते स्थानक आणि स्थानक ते कचेरी या पायपिटीत होऊन जातो.

या सवयी सुटल्या की काय होते, हे ओकिनावा बेटांनी दाखवून दिले आहे. रताळी, कारली, टोफू आणि पोट थोडे रिकामे ठेवून उठण्याची शिकवण, यांवर वाढलेल्या तिथल्या वृद्धांनी जगाला चकित केले होते. मात्र युद्धानंतर १९७२ पर्यंत तिथे अमेरिकेची सत्ता होती. त्या काळात डबाबंद मांस आणि बर्गर घरोघरी पोहोचले, आणि रेल्वे नसल्यामुळे लोक जवळच्या कामालाही मोटारीने जाऊ लागले. २००० साली ओकिनावातील पुरुष आयुर्मानात देशातल्या ४७ प्रांतांमध्ये २६ व्या क्रमांकावर घसरले आणि २०२० मध्ये ४३ व्या. स्त्रियाही पहिल्या स्थानावरून १६ व्या स्थानी आल्या. २०४० पर्यंत पहिला क्रमांक परत मिळवण्याचे उद्दिष्ट तिथल्या प्रांतिक सरकारने आता ठरवले आहे, आणि त्यासाठी त्यांना सर्वाधिक चिंता लागून आहे ती ऐन कमावत्या वयातल्या पुरुषांची.