कोंडलेलं पाणी

बाटलीवर ‘आर्टेशियन’ छापलेलं दिसलं की लोक ते पाणी जास्त शुद्ध समजतात. हा समज मला मनापासून खटकतो. हा शब्द पाण्याचा दाब सांगतो, शुद्धतेशी त्याचा संबंध नाही. तो आला फ्रान्समधल्या आर्त्वा प्रांताच्या नावावरून. तिथे बाराव्या शतकापासून दाबाने पाणी वर चढणाऱ्या विहिरी आहेत.

वाळूच्या दगडाचा तिरपा थर, वर-खाली चिकणमाती आणि एक टोक दूर उंचावर उघडं, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. त्या टोकातून पाऊस मुरतो आणि खाली पाणी कोंडतं. वरच्या पाण्याचा भार त्याच्यावर असतो; दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका, म्हणजे आपल्यावर हवेचा असतो तेवढा. मातीचं झाकण फोडलं की पाणी नळीत वर चढतं. जमिनीपर्यंत पोचलं नाही, मध्येच थांबलं, तरी ती विहीर आर्टेशियनच!

आता ग्रनेलच्या विहिरीची गोष्ट. ती मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो. पॅरिसमध्ये विहिरी खोदणाऱ्या मुलो यांनी १८३३ च्या अखेरीस छिद्र घ्यायला सुरुवात केली. मध्येच अवजार गजांसकट तुटून तळाशी पडलं आणि ते काढण्यात वर्षाहून जास्त काळ गेला. विचार करा, शेकडो मीटर खोल, दिसत काही नाही, हाती फक्त गज! काम सोडावं असं म्हणणारे होतेच. पण आरागो हे शास्त्रज्ञ ठाम होते : पॅरिसखालचा वाळूचा थर दूरवर, पॅरिसहून उंच जागी उघडा पडतो, म्हणजे पाणी वर यायलाच हवं. फेब्रुवारी १८४१ मध्ये, ५४८ मीटरवर, ते आलं. कोमट होतं, सुमारे २८ अंशांचं. मला मोह पडतो तो या कागदावरच्या तर्काचा.

पण पुढचं कुणी सांगत नाही. १८६१ मध्ये त्याच शहरात पासीची विहीर वाहू लागली आणि ग्रनेलचा प्रवाह घटला. दोघींचा थर एकच. ऑस्ट्रेलियात तर १७ लाख चौरस किलोमीटरचं आर्टेशियन खोरं आहे. १८७८ पासून तिथे छिद्रं घेतली आणि पाणी उघड्या चरांतून दशकानुदशकं सोडून दिलं. बरंचसं वाफ होऊन गेलं, दाब उतरला, कित्येक झरे आटले. हे वाचलं की मला अजून चुटपुट लागते.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली. विहिरींचे प्रकार भरभर सांगतो. खणलेली विहीर : रुंद, उथळ, पाणी साठवते, वरची घाणही तिच्यात लवकर उतरते. ठोकून बसवलेली नळी मऊ वाळूत चालते, पण वरून ओढणारा पंप सात-आठ मीटरच्या पुढे दमतो. कठीण खडकातल्या बोअरला केसिंग, म्हणजे छिद्राच्या कडा धरून ठेवणारा पाईप, फक्त वरच्या भुसभुशीत भागात. खाली पाणी भेगांतून येतं. गाळाच्या जमिनीतल्या कूपनलिकेला मात्र जाळीचा पाईप हवाच.

आणि यांतली कुठलीही आर्टेशियन असू शकते! हे प्रकार विहीर कशी केली यावरून पडतात. आर्टेशियनपण ठरतं ते पाणी कोंडलेलं आहे की नाही यावरून. म्हणून अशा ठिकाणी छिद्र घेताना झाकणाचा थर फोडण्याआधी केसिंगभोवती सिमेंट भरा, वर झडप बसवा. नाहीतर पाणी पाईपच्या बाहेरून माती धुऊन वर येतं, आणि मग ते आवरणं फार अवघड जातं. प्रश्न असतील तर बाहेर बोलू, माझ्याकडे थरांचे नकाशे आहेत.