समलिंगी विवाह आणि पगाराच्या स्लिपमधली एक ओळ

[पडद्यावर: अमेरिकेतली पे-स्लिप, एक ओळ पिवळी]

नमस्कार! ही ओळ बघा: 'इम्प्युटेड इन्कम'. हातात एक डॉलरही येत नाही, पण कर मात्र कापला जातो. अमेरिकेत लग्नाच्या हक्काने समलिंगी नोकरदारांचं काय बदललं, ते इथेच दिसतं.

लग्न न झालेल्या जोडीदाराला कंपनीने आरोग्य विम्यात घेतलं, की कंपनी त्याच्यासाठी भरते ती रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते. समजा, महिना ५०० डॉलर. वर्षाचे ६,०००. तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर १,३२० डॉलर आयकर, शिवाय सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के, म्हणजे ४५९. झाले १,७७९ डॉलर! लग्न झालेल्यांना ह्यावर फेडरल कर शून्य. जोडीदार करासाठी तुमच्यावर अवलंबून असेल तर सुटका आहे, पण दोघं कमावते असले की ती बहुतेक मिळत नाही.

२०१३ पर्यंत मॅसॅच्युसेट्समध्ये रीतसर लग्न केलेल्या समलिंगी जोडप्यांनाही हा भुर्दंड होता. कारण १९९६चा 'डोमा' कायदा: त्यातल्या एका कलमामुळे फेडरल सरकार अशी लग्नं मानतच नव्हतं. २६ जून २०१३ला विंडसर खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं, आणि बरोबर दोन वर्षांनी ओबर्गेफेल निकालाने सगळ्या राज्यांत लग्नाची वाट मोकळी झाली.

आता गोची कुठे होते? पेरोलला तुमचं लग्न आपोआप कळत नाही. जोडीदार आधीच विम्यात असला की लोक म्हणतात, आता काय करायचंय! सिस्टिममध्ये नोंद 'डोमेस्टिक पार्टनर', म्हणजे लग्न न झालेला जोडीदार, अशीच राहते आणि कर कापला जातच राहतो. एचआरला दाखला द्या, पुढची स्लिप तपासा. जास्त कापलं गेलं असेल तर दुरुस्त डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा फॉर्म, मागा. जोडीदाराचं नाव नव्याने घालायचं असेल तर घाई करा: मुदत अनेक ठिकाणी लग्नापासून फक्त ३० दिवस असते. ती चुकली तर थेट पुढचं ओपन एनरोलमेंट, म्हणजे विम्यात बदल करायची वर्षातली ठरलेली वेळ.

दुसरी बाजूही सांगते. २०१५ नंतर काही कंपन्यांनी लग्नाविना जोडीदाराला मिळणारा विमाच बंद केला. म्हणजे लग्न करा, नाहीतर विमा सोडा. घरी अजून सांगितलेलं नाही अशा माणसाला हे जड जातं, आणि मला हे धोरण पटत नाही.

एच-वन-बीवर असाल तर लग्न जिथे झालं तिथे ते कायदेशीर असलं की पुरे, जोडीदाराला एच-फोर, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा, मागता येतो. भारतात मात्र सुप्रीम कोर्टाच्या १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालाने लग्नाचा हक्क नाकारला. त्यामुळे पुण्यातल्या कंपनीने ग्रुप मेडिक्लेममध्ये जोडीदाराला घेतलं, तर तो कंपनीचा स्वतःचा निर्णय.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट, नॉमिनी. फोर-ओ-वन-के, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती बचतीच्या खात्यात, फॉर्मवर आईचं नाव असलं तरी लग्नानंतर पैसे सहसा जोडीदारालाच जातात. आईचंच ठेवायचं असेल तर जोडीदाराची लेखी संमती हवी, तीही नोटरीसमोर किंवा प्लॅनच्या प्रतिनिधीसमोर. कंपनीच्या लाइफ इन्शुरन्सचं उलट: तिथे फॉर्मवर जे नाव, त्यालाच पैसे, मग लग्नाला दहा वर्षं झालेली असोत. म्हणून दाखला पाठवाल त्याच ईमेलमध्ये हा फॉर्मही मागून घ्या.