खाजेचा पत्ता

(अंधार. फक्त आवाज.)

चप्… चप्… चप्…

रात्रीचे दोन वाजलेत. घर झोपलंय आणि कुत्रा पंजा चाटतोय. तुम्ही दटावता, तो थांबतो. तुम्ही कूस बदलून डोळे मिटता, की पुन्हा सुरू.

(सकाळचा उजेड. हातात धरलेला पंजा, अगदी जवळून.)

बोटांमधले पांढरे केस बघा, कसे तांबूस झालेत. ही माती नाही, रक्तही नाही. कुत्र्याच्या लाळेत पॉर्फिरिन नावाचं द्रव्य असतं, सतत चाटलं की त्याचा डाग बसतो. म्हणजे हे कालपरवाचं नाही, बरेच दिवस चाललंय.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘लावू काय?’ जरा थांबा. आधी खाजतंय कुठे ते बघू.

शेपटीच्या मुळाशी, कंबरेवर खाजत असेल, तर पहिला संशय पिसवांवर. ज्याला पिसूच्या लाळेचीच ॲलर्जी आहे, त्याला एकदोन चावेही पुरतात. त्यामुळे ‘आमच्याकडे पिसवा दिसत नाहीत’ याला फारसा अर्थ नसतो. बारीक दातांची फणी फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणाभोवती तांबडं पसरलं, तर ती पिसूची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. इथे मात्र घरगुती उपायांचा हट्ट नको, असं माझं स्पष्ट मत आहे. पशुवैद्यांनी दिलेलं औषध घरातल्या सगळ्या प्राण्यांना द्यायचं आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवायचं. अंगावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त अंडी-अळ्या तिथे दडलेल्या असतात.

पंजे, बगला, पोट आणि कान? मग परागकण, बुरशी किंवा धुळीतले सूक्ष्म किडे यांची ॲलर्जी. हा त्रास बहुधा वयाच्या ६ महिने ते ३ वर्षांदरम्यान डोकं वर काढतो. आणि हे कण शिरतात मुख्यतः त्वचेतूनच.

त्वचेतून शिरतात, म्हणूनच साधं पाणी इतकं कामाचं.

(बादली, कोमट पाणी, ओट्सचं पीठ.)

बिनसाखरेचे, बिनस्वादाचे ओट्स अगदी मैद्यासारखे दळा. चमचाभर पीठ पेल्यातल्या पाण्यात ढवळा. पाणी दुधाळ झालं तर दळण जमलं, तळाशी जाड गाळ बसला तर पुन्हा दळा. मग पीठ बादलीतल्या कोमट पाण्यात कालवा. हे पाणी अंगावर, पोटाखाली, बोटांच्या बेचक्यांत दहा मिनिटं राहू द्यायचं. दहा मिनिटं ओला कुत्रा धरून ठेवणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत! पाणी कोमटच हवं, गरम पाण्याने खाज वाढते. आपला शाम्पू नको, कारण कुत्र्याची त्वचा आपल्यापेक्षा पातळ आणि तिची आम्लताही वेगळी. शेवटी बोटांमधलं पाणी नीट टिपायचं, ओल राहिली की यीस्ट नावाची बुरशी वाढते. फिरून आल्यावर ओल्या फडक्याने पंजे आणि पोट पुसलं, तर निम्मी धूळ दारातच राहते.

आता कपाटातल्या बाटल्यांकडे येऊ. टी ट्री तेल कुत्र्याला विषारी आहे, ते लांबच ठेवा. खाजवून सोललेल्या कातडीवर व्हिनेगर म्हणजे नुसती आग. कोरफडीचा पारदर्शक गर चालतो, पण सालीखालचा पिवळा चीक पोटात गेला तर जुलाब होतात, आणि कुत्रा ते चाटणारच. खोबरेल तेलाने कोरडेपणा कमी होतो, ॲलर्जी नाही.

माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ने सूज थोडी उतरते. पण डॉक्टरांकडून वजनानुसार मात्रा ठरवून घ्या आणि ८ ते १२ आठवडे धीर धरा. आठवडाभरात ‘काही फरक नाही’ म्हणून बाटली बाजूला ठेवणारे बरेच असतात.

अंगाला कुबट वास, पू, सतत कान झाडणं, केस गेलेले गोल चट्टे, यातलं काही दिसलं की घरचे प्रयोग बंद आणि थेट दवाखाना. तोंड सुजलं किंवा श्वास अडखळला, तर त्याच क्षणी निघायचं.

राहिलं अन्न. त्याची ॲलर्जीही पंजे-कानांवरच दिसते, त्यामुळे नुसतं बघून ओळखता येत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने आजवर न खाल्लेलं मांस निवडायचं आणि किमान ८ आठवडे तेवढंच द्यायचं. खाज उतरली, की जुनं अन्न मुद्दाम परत द्यायचं. दोन आठवड्यांत खाज परतली, तर चोर सापडला.

अवघड असतात ते मधले दिवस. सातव्या आठवड्यात पाहुणे येतात. कुत्रा गुडघ्यावर हनुवटी टेकतो. कुणीतरी टेबलाखालून हळूच अर्धं बिस्कीट सरकवतं. आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.