काळी नळी, हिरवट थर

(दृश्य: पुण्यातल्या मंगळवार पेठेतला जुना बाजार. जमिनीवर अंथरलेल्या कापडावर कुलपं, घड्याळं, पितळी नळ. कॅमेरा एका पाईपवर थांबतो.)

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अधूनमधून तंबाखूचा एखादा पाईप नजरेस पडतो. खडकी आणि कॅम्पसारख्या छावण्यांच्या या शहरात तो सापडला तर नवल नाही. गिऱ्हाईक आधी लाकूड बघतं. हे लाकूड ब्रायरचं, म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी टणक गाठ. ती सहसा जळत नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकते. बिघडते ती तोंडात धरायची नळी. काळीभोर असायची ती हिरवट, मातकट होते, खरखरीत लागते, जिभेला कडू चव देते. टोकाला दातांचे वण असतात. ते पाहून लोक अख्खा पाईप टाकून देतात, आणि याचंच वाईट वाटतं. अशा बहुतेक नळ्या पुन्हा काळ्या होतात.

तंबाखू शरीराला घातक आहे, याबद्दल दुमत नको. आपण बघणार आहोत ती वस्तू आणि ती सांभाळण्याची हातोटी.

(दृश्य: पेठेतल्या वाड्यातली खोली. टेबलावर पेनांचे सुटे भाग. काका नळी दिव्याखाली धरून फिरवतात.)

हे काका मुळात शाईपेनं दुरुस्त करतात. पाईपच्या नळ्या त्यांच्याकडे आल्या त्या पदार्थाच्या ओळखीने. दोन्हीकडे पदार्थ एकच, एबोनाइट. चार्ल्स गुडइयर यांनी 1839 मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवून टिकाऊ रबर मिळवलं. त्यांचे भाऊ नेल्सन यांनी गंधकाचं प्रमाण खूप वाढवून कडक रबर बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट 1851 मध्ये घेतलं. तेच हे एबोनाइट. ते कातता येतं, कानशीने घासता येतं, दाताला काचेसारखं टणक लागत नाही. जुन्या पेनांची टोपणं, निबाखालचा फीडर, बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटचं तोंडाशी येणारं टोक, सगळीकडे ते सापडतं.

त्याचं दुखणंही त्या गंधकातच आहे. ऊन आणि दमट हवा लागली की पृष्ठभागावरच्या गंधकाची रासायनिक क्रिया होते आणि तो मातकट थर चढतो. पुण्यात दोन्ही भरपूर मिळतं. एप्रिल-मे महिन्यांत खिडकीतून थेट ऊन, आणि जूनपासून चार महिने ओल. शोकेसमध्ये दिमाखात मांडलेली नळी कपाटात पडून राहिलेलीपेक्षा लवकर विटते, ती उजेडामुळे.

(दृश्य: काका पाईप हातात धरून नळी हलकेच पिळतात. ती निघत नाही.)

नळी लाकडात घट्ट बसली असेल तर जोर लावायचा नाही. पाईप गरम असताना तर मुळीच नाही, कारण नळीचं लाकडात शिरणारं टोक तिथेच मोडतं. काका पाईप पिशवीत घालून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवतात. थंडीने लाकूड आणि एबोनाइट वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि पकड सुटते. मग हळूच पिळत ओढायची.

पुढचं काम बाहेरून दिसत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली सुती काडी नळीतून आरपार घालायची. पहिली डांबरासारखी काळी निघते. काडी पांढरी बाहेर येईपर्यंत काम सुरू ठेवायचं. टोकाच्या चपट्या फटीत मळ सगळ्यात जास्त साचतो. मात्र नळी अॅक्रिलिकची असेल, चमकदार, रंगीत, कितीही जुनी असली तरी न विटलेली, तर अल्कोहोल लावू नका. त्याने बारीक तडे जातात.

(दृश्य: टोकावरचे दातांचे वण, अगदी जवळून.)

एबोनाइट तापलं की मूळ आकाराकडे परतू बघतं. म्हणून दबलेल्या वणावर गरम हवा फिरवत ठेवली की तो वर येतो. ज्योत लागली तर मात्र पदार्थ करपतो. आणखी एक गोष्ट काका दर वेळी सांगतात, "वाकडी नळी जन्मतः सरळ असते हो. फार तापवली की ती सरळ व्हायला बघते." तशी सरळ झालीच तर आत काडी घालून ठेवायची, म्हणजे वाट बंद होत नाही, आणि गरम असतानाच वाकवून थंड पाण्याखाली धरायची. दात आरपार गेला असेल तर कोळशाची बारीक पूड आणि फेविक्विकसारखा गोंद भरून, वाळल्यावर कानशीने टोकाच्या कडेचा आकार पुन्हा काढावा लागतो.

थर काढायला काही जण ब्लीच सुचवतात. ते टाळा. काळेपणा येतो, पण खाली सूक्ष्म खड्डे पडतात आणि तेवढं पुन्हा घासावं लागतं.

(दृश्य: पाण्याचं भांडं, वॉटर पेपरचे तुकडे. रविवार पेठेतली बोहरी आळी.)

वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर, बोहरी आळीत मिळतो. आकडा जितका मोठा, तितका पेपर बारीक. सुरुवात 400 ने, मग 600, 1000, 1500, 2000. प्रत्येक वेळी पेपर ओला. गंधकाचा वास येतो, म्हणजे जुना थर निघतोय. या टप्प्यावर नळ्या सगळ्यात जास्त बिघडतात, आणि दोष घाईचा असतो. नळी आणि लाकूड जिथे मिळतात तिथली कडा धारदार, दोन्हीकडे समतल असते. एकट्या नळीला घासलं की ती कडा गोलाई घेते, मग जोड कधीच बसल्यासारखा दिसत नाही. चमक परत आणता येते, कापून गेलेली कडा येत नाही. म्हणून काका नळी लाकडात बसवूनच घासतात आणि लाकडावरच्या छापावर टेप लावतात. नळीवर छापलेलं चिन्ह असेल तर त्याभोवती बोटाने, सर्वांत बारीक पेपरने. कंपनीची खूण गेली तर पाईपचा पत्ताच हरवतो. डनहिल या इंग्रजी कंपनीच्या पाईपचा पांढरा ठिपका नळीत बसवलेला असतो, तो तरतो. नुसते उथळ छाप पुसले जातात.

शेवटी बफ, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चकाकी देणं, तोही संथ. वेगाने फिरणारं चाक नळी तापवतं आणि झालेलं काम वाया जातं.

(दृश्य: मऊ कापड, खनिज तेलाचा एक थेंब.)

यापुढची निगा घरीच होते. वापरल्यावर लाळ पुसायची, पाईप थंड झाल्यावर आतून काडी फिरवायची, खनिज तेलाचा पातळ हात द्यायचा, आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. ठेवायचं कपाटात, सुती कापडात. पावसाळ्यात सोबत सिलिका जेलची पुडी. नळी हिरवट झाक दाखवू लागली तर 400 ला हात लावू नका, 2000 चा ओला पेपर पुरतो.