हिमाद्रीकडे जाताना शेवटचे ११० किलोमीटर

(तराजू, पेट्या, विमानतळावरची लगबग)

वजन चाललंय त्या पेट्या गोव्याहून आल्या आहेत; जायच्या आहेत हिमाद्रीला, भारताच्या आर्क्टिकमधल्या संशोधन केंद्राला. वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. आणि हे आहे लाँगइयरबिएन, नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातलं. अक्षांश ७८.

ट्रॉम्सोहून साडेनऊशे किलोमीटर आलं, की मोठ्या विमानाचा प्रवास इथं संपतो. पुढे नी-ओलेसुंड, हिमाद्रीचं गाव, फक्त ११० किलोमीटर. मुंबई-पुणं सरळ रेषेत मोजलं तर याहून थोडं जास्तच भरेल. पण मध्ये रस्ता नाही.

ही धावपट्टी १९७५ सालची. राजे पाचवे ओलाव्ह यांनी २ सप्टेंबरला उद्घाटन केलं. त्याआधी समुद्र गोठला, की महिनोन्‌महिने जहाज येत नसे. धावपट्टीखालची जमीन बारमाही गोठलेली. वरचा थर वितळला की खचते, म्हणून डागडुजी काही संपत नाही.

(छोटं विमान, पंखे फिरू लागतात)

डॉर्निअर २२८. एकोणीस आसनी, दोन इंजिनांचं. याच जातीची विमानं आपल्या कानपुरात हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) बनवते; हे सांगितल्यावाचून राहवत नाही. आठवड्याला मोजक्याच फेऱ्या, त्याही धुकं म्हणेल तेव्हा.

(आकाशातून)

खाली इस्फिओर्ड. फिओर्ड म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची लांब खाडी. मग हिमनद्या, एकीला लागून दुसरी. हे थोडा वेळ नुसतं बघू या.

ते तीन त्रिकोणी सुळके: स्वेया, नोरा, दाना. म्हणजे स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क यांची नावं. ते दिसले की काँग्सफिओर्ड आलाच. घड्याळात जेमतेम पंचवीस मिनिटं झाली आहेत.

(खडीची धावपट्टी)

उतरल्यावरही फोन विमानातल्यासारखाच बंद ठेवायचा. इथल्या अँटेना दूरच्या आकाशातल्या अगदी क्षीण रेडिओ लहरी टिपतात, त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ सगळं वर्ज्य. आमचा बिनतारी माइक पेटीतच राहिला. पुढच्या दृश्यांत वाराच ऐकू येईल.

हा लोखंडी मनोरा १९२६ चा. नॉर्वेचे ध्रुवसंशोधक आमुनसेन यांचं ‘नॉर्गे’ हवाई जहाज याच मनोऱ्याला नांगरलेलं होतं. इथून ते ध्रुवावरून थेट अलास्काला गेलं. गाव मुळात कोळशाच्या खाणीचं. १९६२ च्या स्फोटात २१ कामगार दगावले आणि खाण बंद पडली. आता खाणकामगारांच्या गावात शास्त्रज्ञ राहतात.

(हिमाद्रीची पाटी)

हिमाद्री. जुलै २००८ पासून भारताचं घर. डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातल्या काळोखातही आपली माणसं इथं राहू लागली. फिओर्डात १९२ मीटर खोलीवर २०१४ मध्ये ‘इंडआर्क’ ही यंत्रमाळ सोडली. तापमान, क्षारता, प्रवाह यांची ती सतत नोंद घेते. इथल्या पाण्याचं आपल्या मोसमी पावसाशी काय नातं आहे, ते शोधायचं आहे. २००६ पासून या फिओर्डवर पूर्वीसारखा बर्फ धरत नाही, हिमनद्याही मागे सरकल्या आहेत.

(दार, बुटांची रांग)

बूट दाराशीच काढायचे. कोळशाची काजळी घरात येऊ नये म्हणून खाणकामगारांनी घातलेला हा नियम. गोव्याहून आलेल्यांना तो कुणी सांगावा लागत नाही.