कुंभारवाड्यातली संक्रांत

[पहाट. धारावी. भट्टीचा धूर.]

जानेवारीचा दुसरा आठवडा. मुंबईत थंडी पडलीय, म्हणजे पंखा दोनवर आलाय. इथे कुंभारवाड्यात मात्र अंगातून घामाच्या धारा. चिंध्या पेटवून लावलेली भट्टी रात्रभर धुमसली, आता त्यातून मडकी निघताहेत.

ही वस्ती सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची. घरात गुजराती, गिऱ्हाइकाशी हिंदी, आणि घासाघीस करणाऱ्या दादरच्या काकूंशी चक्क मराठी.

[सुगडांची उतरंड]

काकूंना हवीत सुगडं. सु-घट, त्याचं सुगड. घेताना प्रत्येकाला टिचकी मारायची. खणखणलं तर पिशवीत, बद्द वाजलं तर परत. माझी आई वीस सुगडं वाजवून पाच घ्यायची, आणि विकणारा हताश होऊन आकाशाकडे बघायचा. मग घरी गळ्याला दोरा, हळदीकुंकवाची बोटं, आत उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजर, गव्हाची ओंबी, तीळगूळ. शेतातलं नवं पीक मातीच्या घटात. आपलं शेत म्हणजे दादर स्टेशनबाहेरची टोपली. तिथे हे सगळं एका पुडीत बांधून मिळतं.

शेजारच्या रांगेत मडकी मोठी आहेत, रुंद तोंडाची. ही जाणार धारावीतल्याच तमिळ घरांत.

[नव्वद फुटी रस्ता. सकाळ.]

पोंगलच्या दिवशी या रस्त्याचं स्वयंपाकघर होतं. दारासमोर कोलम म्हणजे तमिळ रांगोळी, विटांच्या चुली, मडक्याच्या गळ्यात हळदीचं ओलं रोप, बाजूला उभे ऊस. आत दूध, नवा तांदूळ, मूगडाळ, गूळ. एरवी दूध उतू गेलं की आपल्याकडे घरभर आरडाओरडा. इथे सगळ्या बायका त्याचीच वाट बघत बसल्यात. फेस वर येतो, काठाशी थबकतो, ओघळतो, आणि गल्लीभर गजर होतो: पोंगलो पोंगल! पोंगल म्हणजेच उतू जाणं. उतू गेलं की वर्ष भरभराटीचं.

संक्रांतीला उत्तरायण म्हणतो खरं, पण सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरलाच. फार पूर्वी संक्रांत त्याच सुमारास यायची. पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलतो, त्या संपातचलनामुळे ती साधारण ७०-७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. म्हणून आता १४ तारखेची कधी १५ होते. सणाला त्याचं काही नाही.

आदल्या संध्याकाळी सायन कोळीवाड्यात लोहडी पेटलेली असते. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी कुटुंबांची. रेवड्या, शेंगदाणे, मक्याच्या लाह्या आगीत. आपल्या घरात तेव्हा भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. संक्रांतीला बिहारी घरांत दही-चुडा, म्हणजे दही-पोहे. कानडी शेजारीण तीळ-गूळ-खोबरं हातावर ठेवून म्हणते ते आपलंच वाक्य, तिच्या भाषेत: एळ्ळु-बेल्ल खा, चांगलं बोला.

[पत्र्यांवर पतंग]

आणि मडकी घडवणाऱ्याचा सण? पतंग आणि उंधियू. 'उंधुं' म्हणजे पालथं. सुरण, कंद, पापडी, वांगी मडक्यात भरायची, तोंड पाल्यानं बंद करायचं, मडकं खड्ड्यात पालथं घालून वर जाळ करायचा. सुगडात भरतात, पोंगलचं उतू जाऊ देतात, हे पालथं घालतात. मुंबईत खड्डा कुठे खणणार? इथला उंधियू पातेल्यात शिजतो, नाहीतर भुलेश्वरच्या फरसाणवाल्याकडे रांग लावून किलोवर येतो, सोबत जिलेबी.

कुंभारवाड्यातही आज दुपारी चाक बंद. वरून आरोळी येते, "काय पो छे!" कटलेल्या पतंगामागे एक पोरगं पत्र्यावरून खाली उडी घेतं, थेट वाळत घातलेल्या मडक्यांमध्ये. एक फुटतं. आजोबा खाटेवरून उठतात, तोंड उघडतात, मग हातातली चिक्की त्यात टाकतात आणि परत बसतात.